शीव, अटक, सर क्रीक : देशाची सीमा समजून घेताना

ठाण्याहून धीम्या लोकलने दादरकडे निघालेल्या माणसाच्या कानावर कुर्ला सुटले की ‘पुढील स्टेशन, शीव’ ही घोषणा पडते. रोज ऐकणाऱ्याला त्या शब्दाचा अर्थ विचारावासा वाटत नाही. गावाकडे मात्र शीव म्हणजे काय हे अजूनही कोणाला समजावून सांगावे लागत नाही : आपल्या गावची जमीन जिथे संपते आणि शेजारच्या गावाची सुरू होते, ती जागा. मुंबईतल्या शीवचे नावही याच शब्दावरून पडल्याचे मानले जाते आणि ते सार्थही आहे, कारण सतराव्या शतकात तिथे खरोखरच दोन सत्तांची हद्द होती. खाडीच्या अलीकडे, परळच्या बाजूला इंग्रज होते. पलीकडे साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या कुर्ल्यापासून थेट ठाण्यापर्यंत, पोर्तुगीज होते. इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात शीवच्या टेकडीवर जो छोटा किल्ला बांधला, तो या शेजाऱ्यावर नजर ठेवण्यासाठीच. त्या काळी लोकल असती, तर कुर्ला आणि शीव या दोन स्थानकांच्या मध्ये राज्य बदलले असते.

आपण साधारणपणे असे धरून चालतो की देश आधी असतो आणि त्याच्या कडेने सीमा असते, घराला कुंपण असावे तशी. इतिहासात हा क्रम बऱ्याचदा उलटा दिसतो. कोणीतरी आपल्या सोयीसाठी, करवसुलीसाठी किंवा भीतीपोटी एक रेषा ठरवतो. त्या रेषेच्या आत राहणारी माणसे दोन-तीन पिढ्यांत स्वतःला एक समजू लागतात. आणि मग ती रेषा राखणे म्हणजे स्वतःला राखणे, असे होऊन बसते. त्यातच आणखी एक गुंता असतो. लोकांच्या आठवणीत जी भूमी आपली असते आणि नकाशावर जी आपली असते, त्या दोहोंचे माप क्वचितच जुळते. आठवणीतल्या या भूमीला अभ्यासक ‘ऐतिहासिक अवकाश’ असे जड नाव देतात. राष्ट्रीय सुरक्षेचे पुष्कळसे पेच या न जुळलेल्या मापातून निघतात, असे मला वाटते.

पट्टा आणि रेषा

मराठीत या विषयासाठी शब्दांची टंचाई नाही, आणि त्यांतले फरक मोठे बोलके आहेत. वेस म्हणजे गावात शिरण्याचे दार. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याकडे लक्ष असते. शीव म्हणजे जमिनीचा शेवट. हद्द म्हणजे एखाद्याचा अधिकार जिथपर्यंत चालतो तो टापू, म्हणूनच आजही ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे वाक्य पोलीस ठाण्यात ऐकायला मिळते. सरहद्द म्हणजे राज्याच्या टोकाचा मुलूख, जिथे आपला अंमल विरत जातो आणि दुसऱ्याचा सुरू होतो. यांपैकी शेवटचा अर्थ आज आपण विसरलो आहोत, कारण सरहद्द म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तारेचे कुंपणच येते.

जुनी राज्ये मात्र रेषेने नव्हे, पट्ट्याने एकमेकांपासून वेगळी होत. राज्याचा जीव गडकोट, बाजारपेठा, घाटवाटा आणि बंदरे यांत असे. त्यांच्यापासून जितके दूर जावे तितका अंमल पातळ होत जाई. चौथाई हे याचे उत्तम उदाहरण आहे. एखादा मुलूख मोगलांचा आहे हे मान्य करूनही त्याच्या वसुलीचा चौथा हिस्सा मराठे घेत असत. निजाम आणि मराठे यांच्यामधल्या काही भागांत तर दोघांचेही अंमलदार एकाच वेळी वसुलीला येत, आणि या प्रकाराला ‘दुअमली’ असा खास शब्दच होता. आजच्या नकाशावर तो मुलूख कोणत्या रंगाने रंगवायचा, या प्रश्नाला उत्तर नाही. त्या काळच्या लोकांना हा प्रश्नच पडत नव्हता. दसऱ्याचे सीमोल्लंघन हेही त्याच जगातले आहे. पावसाळा संपला, नद्यांना उतार मिळाला की सीमा ओलांडून मोहिमेवर निघायचे. सीमा ही ओलांडण्याची गोष्ट होती, तिच्यावर बाराही महिने पहारा देत बसण्याची नव्हती.

रेषा आली ती मोजणीबरोबर. दक्षिणेत मद्रासजवळ १८०२ मध्ये जमिनीची जी मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू झाली, तिने पुढच्या काही दशकांत हा सगळा उपखंड कोनांत आणि अंतरांत बसवला. मोजलेली जमीन नकाशावर उतरली की तिला कड लागतेच, आणि कड लागली की तिच्या दोन्ही बाजूंचे मालक ठरवावे लागतात. सारा कोणी घ्यायचा, दरोडेखोराला कोणाच्या शिपायाने पकडायचे, रेल्वेसाठी जमीन कोणाकडून घ्यायची, हे सगळे प्रश्न धूसर पट्ट्यात सुटत नाहीत. आधुनिक राज्याला रेषा लागते ती देशभक्तीसाठी नव्हे, कारभारासाठी. देशभक्ती नंतर येते.

एका वाक्याची किंमत

नकाशावर उमटण्याआधी सीमा बहुधा एखाद्या करारातल्या वाक्यात असते, आणि ते वाक्य किती काळजीपूर्वक लिहिले आहे यावर पुढच्या पिढ्यांचे सुख अवलंबून राहते. याचा पहिला धडा ठाणेकरांना आपल्याच गावात मिळतो. पोर्तुगालच्या राजकन्येचा इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी विवाह ठरला, तेव्हा १६६१ च्या तहाने मुंबईचे बंदर आणि बेट ‘त्याच्याशी संलग्न मुलखासह’ आंदण म्हणून देण्यात आले. संलग्न मुलूख म्हणजे कोणता? इंग्रजांचे म्हणणे असे की त्यात साष्टी आणि ठाणेही येते. गोव्यातले पोर्तुगीज म्हणाले की बेट म्हणजे फक्त बेट. या घोळात मुंबईचा प्रत्यक्ष ताबा मिळायलाच १६६५ साल उजाडले, आणि साष्टी काही मिळाली नाही. पुढे कित्येक वर्षे ठाण्याच्या खाडीतून मुंबईकडे जाणाऱ्या मालावर पोर्तुगीज जकात घेत राहिले आणि इंग्रज कुरकुरत राहिले.

कळव्याच्या पुलावर उभे राहिले की खाडीलगत ठाण्याच्या कारागृहाची दगडी भिंत दिसते. हा मुळात किल्ला. मराठ्यांच्या भीतीने पोर्तुगिजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. काम पुरे होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसईही जिंकली. साष्टी जिंकायला पोर्तुगिजांचे आरमार युरोपातून निघाले आहे अशी खबर मुंबईत आली, तेव्हा ते येण्याआधी आपणच हात मारलेला बरा म्हणून इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्यावर चाल केली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. या हकिकतीत माझ्या मते सगळ्यांत शिकण्यासारखे आहे ते हे की तिघांपैकी प्रत्येकाने आपले पाऊल ‘संरक्षणासाठी’ उचलले होते. पोर्तुगिजांना वसई राखायची होती, मराठ्यांना कोकण किनारा, इंग्रजांना मुंबई. एकाचे कुंपण दुसऱ्याला आक्रमण वाटते, हे ज्याला आज सुरक्षेचा पेच म्हणतात ते या खाडीच्या काठावर अडीचशे वर्षांपूर्वीच घडून गेले आहे.

अपुऱ्या वाक्याचे आपल्या काळातले सर्वांत महागडे उदाहरण सियाचेनचे. काश्मीरमधल्या पहिल्या युद्धानंतर जुलै १९४९ मध्ये कराचीत झालेल्या करारात युद्धबंदी रेषेचे वर्णन एका बिंदूपर्यंत बारकाईने केले गेले. नकाशावर पुढे एनजे ९८४२ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या बिंदूनंतर मात्र ‘तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’ एवढेच लिहून करार लिहिणारे मोकळे झाले. त्या बर्फात कोण जाणार, असाच विचार त्यांनी केला असावा. पाकिस्तान त्या बिंदूपासून रेषा ईशान्येकडे काराकोरम खिंडीपर्यंत ओढू लागला. भारताच्या मते ती उत्तरेकडे साल्तोरोच्या कड्यावरून जाते. १३ एप्रिल १९८४ रोजी भारतीय सैन्य ‘ऑपरेशन मेघदूत’ अंतर्गत त्या कड्यावर पोहोचले आणि तेव्हापासून दोन्ही बाजूंचे जवान तिथे आहेत. तिथे गोळीपेक्षा थंडीने आणि हिमकड्यांनी अधिक बळी घेतले. कागदावरची अर्धी ओळ वाचवली, तिची परतफेड अशी चालू आहे.

अटकेपार कोण राहते

आता ओळखीकडे, म्हणजे आपण कोण आहोत या प्रश्नाकडे वळू. आपला मुलगा परदेशात चमकला की मराठी वर्तमानपत्र ‘अटकेपार झेंडा’ असा मथळा देते. अटक हे सिंधू नदीवरचे गाव आज पाकिस्तानच्या पंजाबात आहे, हे मथळा देणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या मनात बहुधा येतही नाही. १७५८ मध्ये मराठी फौजा तिथवर पोहोचल्या, फार काळ टिकल्या नाहीत, पण भाषेत कायमच्या राहिल्या. तसेच पानिपतचे. हरियाणातल्या एका गावाचे नाव मराठीत क्रियापदासारखे वापरले जाते : अमुक पक्षाचे निवडणुकीत पानिपत झाले. ऐतिहासिक अवकाश म्हणजे नेमके हेच. जिथे आपले राज्य नाही, जिथे आपण कधी गेलेलो नाही, ती ठिकाणे आपल्या बोलण्यात घरच्यासारखी वावरतात. यात काही गैर नाही; प्रत्येक समाजाची अशी एक मनातली भूमी असते. प्रश्न निर्माण होतो तो या भूमीची मोजणी करून ती नकाशात मागायला सुरुवात होते तेव्हा.

याच्या उलट बाजूचे दर्शन ठाणे जिल्ह्यातच होते. फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचे दोन-दोन तुकडे झाले. ८ जुलै १९४७ रोजी भारतात प्रथमच आलेल्या सिरिल रॅडक्लिफ यांनी सुमारे पाच आठवड्यांत त्या दोन रेषा आखल्या आणि त्या जाहीर झाल्या १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस उलटल्यावर. सिंधचे मात्र तुकडे झाले नाहीत; तो प्रांत जसाच्या तसा पाकिस्तानात गेला. पंजाबी निर्वासिताला अर्धा का होईना पंजाब उरला, बंगाली निर्वासिताला अर्धा बंगाल. सिंधी हिंदूंना आपला म्हणावा असा प्रांतच उरला नाही. त्यांतल्या सुमारे एक लाख माणसांना कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत उतरवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. छावणी जाऊन पाऊणशे वर्षे झाली, तरी तिथला पत्ता आजही ‘कॅम्प नंबर तीन’ किंवा ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगितला जातो. रिक्षावाल्याला दुसरे काही सांगितले तर तो बुचकळ्यात पडतो.

यातली गंमत म्हणा किंवा क्रूर थट्टा म्हणा, ती अशी की सिंध आणि ठाणे हे १९३६ पर्यंत एकाच मुंबई इलाख्यात होते. कराची आणि कल्याण यांचा कारभार एकाच गव्हर्नरच्या नावाने चाले. जो माणूस १९३५ मध्ये इलाख्यातल्या एका जिल्ह्यातून दुसऱ्यात आला असता, तोच १९४७ मध्ये निर्वासित म्हणून आला. माणूस तोच, बोटीचा मार्ग तोच; मधे फक्त रेषा आली. पुढे १९६७ मध्ये सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, जरी ती बोलणाऱ्यांचे राज्य कुठेच नव्हते. आपल्या राष्ट्रगीतातला ‘सिंध’ हा शब्द काढावा, कारण तो भाग आता भारतात नाही, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००५ साली ती फेटाळली गेली. मला तो निर्णय योग्य वाटतो. राष्ट्रगीत हा सातबारा नव्हे.

राज्यांच्या सीमांचेही मनावर असेच परिणाम होतात, फक्त तिथे तोफा नसतात. ‘सीमाप्रश्न’ असे नुसते म्हटले तरी मराठी माणसाला बेळगावच आठवते, चीन नव्हे. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली गावे १९६० मध्ये गुजरातेत गेली, त्याची आठवण मात्र आता जुन्या माणसांपुरतीच राहिली आहे. एक जखम ओली राहते आणि दुसरी सुकते, हे रेषेच्या लांबीवर ठरत नाही. रेषेपलीकडच्या माणसाला आपली भाषा, शाळा आणि कचेरीतला कागद मिळतो की नाही, यावर ठरते.

प्लास्टिकचा साचा

गेल्या वर्षी नौपाड्यातल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून पुतण्यासाठी भारताच्या नकाशाचा प्लास्टिकचा साचा घेतला. हिरवा, पातळ, कडेला धारदार. वहीवर ठेवून पेन्सिल फिरवली की देश तयार. त्याने तो तीन वेळा गिरवला, चौथ्यांदा साचा न घेता काढला, आणि काश्मीरचा मुकुट व खालचे टोक एवढे जमले की मधले सगळे त्याच्या मते आपोआप बरोबर आले. नद्या नाहीत, डोंगर नाहीत, शेजारी तर मुळीच नाहीत. कोऱ्या पांढऱ्या कागदावर एकटा देश. आपण सगळ्यांनी देश असाच प्रथम पाहिला आहे. नकाशाचा बाह्याकार हा झेंड्यासारखा, चेहऱ्यासारखा ओळखीचा होतो, आणि त्यातला एखादा कोपरा कमी दिसला तर आपल्याला भूगोलाची चूक वाटत नाही, अंगाला इजा झाल्यासारखे वाटते. सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी विसंगत असा भारताचा नकाशा छापणे आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे, त्यामागेही हीच भावना आहे.

ही भावना शेजाऱ्यांनाही असते, हे आपण पटकन विसरतो. नेपाळचे उदाहरण घ्या. सीमा खुली, गोरखा जवान भारतीय सैन्यात, रोटी-बेटीचे व्यवहार. आणि तरीही १८१६ च्या सुगौलीच्या तहात सीमा म्हणून लिहिलेल्या काली नदीचा उगम नेमका कोणता, यावरून दोन देशांत वाद आहे. मे २०२० मध्ये भारताने लिपुलेखकडे जाणाऱ्या रस्त्याचे उद्घाटन केले. नेपाळने नवा नकाशा काढला आणि जूनमध्ये घटनादुरुस्ती करून तो आपल्या राष्ट्रचिन्हातही बसवला. एकदा रेषा राष्ट्रचिन्हावर चढली की वाटाघाटीला बसणाऱ्या अधिकाऱ्याचे हात बांधले जातात, कारण आता तो काही चौरस किलोमीटर सोडत नसतो, देशाचा चेहरा बदलत असतो. दिल्लीतल्या नव्या संसद भवनात २०२३ मध्ये प्राचीन भारताचे भित्तिचित्र लागले, तेव्हा शेजारी देशांतून विचारणा झाली आणि ते अशोकाच्या साम्राज्याचे चित्र आहे असा खुलासा आपल्या परराष्ट्र खात्याला करावा लागला. आपल्याला जो अभिमान वाटतो, तो शेजाऱ्याला दाव्यासारखा ऐकू येऊ शकतो.

भीतीचा भूगोल

प्रत्येक देशाची भीती त्याच्या जमिनीच्या घडणीतून आणि तिच्यावरून कोण कोण चालून आले या आठवणीतून तयार होते. रशियाच्या पश्चिमेला मोठा डोंगर नाही, समुद्र नाही. सपाट मैदान आहे. १८१२ मध्ये नेपोलियन आणि १९४१ मध्ये हिटलर त्याच मैदानातून आत शिरले. त्यामुळे शत्रू राजधानीपासून जितका लांब तितके बरे, मधे शक्यतो दुसऱ्याचा देश असावा, हा विचार तिथल्या राज्यकर्त्यांत, राजवट कोणतीही असो, टिकून राहिला. पण ‘मधला देश’ होण्याची वेळ ज्यांच्यावर येते त्यांनाही आठवणी असतात. १९३९-४० च्या युद्धात भूभाग गमावलेला फिनलंड दीर्घकाळ कोणत्याही लष्करी गटात गेला नव्हता; २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केल्यावर तो एप्रिल २०२३ मध्ये नाटोत गेला आणि रशियाला सुमारे १,३४० किलोमीटरची नवी नाटो-सीमा मिळाली. आठवणीवर आधारलेली सुरक्षा कधीकधी नेमकी हवी त्याच्या उलट गोष्ट घडवून आणते. हे सांगताना आक्रमणाचे समर्थन करण्याचा हेतू नाही. भूगोलाने भीती समजते, तिच्यापायी केलेल्या कृतीची जबाबदारी माफ होत नाही.

भारताची भीती दोन दिशांची. दिल्लीवर येणाऱ्या फौजा खैबरकडून पंजाबात उतरत, आणि उत्तरेला हिमालय व दक्षिणेला रुक्ष मुलूख यांच्यामधल्या चिंचोळ्या सपाट वाटेवर पानिपत असल्यामुळे १५२६, १५५६ आणि १७६१ अशा तीन लढाया त्याच परिसरात झाल्या. हिमालय मात्र अभेद्य तट मानला गेला. १९१४ च्या सिमला परिषदेत ठरलेली मॅकमोहन रेषा चीनने मान्य केली नव्हती, अक्साई चीनमधून चीनने १९५७ पर्यंत रस्ता पुरा केला होता. तरी तट अभेद्य आहे ही समजूत १९६२ पर्यंत टिकली. जून २०२० मध्ये गलवानमध्ये २० भारतीय जवानांनी प्राण गमावले, ती जागा ज्या रेषेवर आहे ती नकाशावर दोन्ही देशांनी मिळून कधी आखलेलीच नाही.

कोकणाला मात्र भीतीची दुसरी दिशा आधीपासून ठाऊक होती. पोर्तुगीज, इंग्रज, सिद्दी हे सगळे समुद्राच्या बाजूचे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी तिथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू केली, ती याच जाणिवेतून. स्वतंत्र भारताचे लक्ष मात्र दीर्घकाळ वायव्येकडच्या जमिनीवर राहिले. १९९३ मध्ये स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरली आणि २६ नोव्हेंबर २००८ रोजी कराचीहून निघालेले दहा जण एक भारतीय मच्छीमार बोट बळकावून मुंबईत उतरले. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली, बोटींना राज्यानुसार रंग ठरले. चेंदणी कोळीवाड्यात पिढ्यानपिढ्या ज्या पाण्याला शीव नव्हती, ते पाणी आता सीमा झाले.

रेषा सुधारताही येतात, हे सांगायला हवे. भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवर एकमेकांच्या पोटात अडकलेले १६२ भूखंड होते : भारताचे १११ बांगलादेशात, बांगलादेशाचे ५१ भारतात. राजे-सरदारांनी बुद्धिबळाच्या पटावर गावे पणाला लावली, अशी त्यांची दंतकथा सांगतात. प्रत्यक्षात तिथल्या सुमारे ५० हजार माणसांना शाळेपासून शिधापत्रिकेपर्यंत काहीच सरळ मिळत नव्हते. १९७४ च्या करारावर अंमल व्हायला ४१ वर्षे लागली. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल झाली आणि कोणता देश हवा हे माणसांना विचारले गेले. त्या व्यवहारात भारताच्या वाट्याला जमीन कमीच आली. त्यामुळे देश कुठे असुरक्षित झाल्याचे ऐकिवात नाही.

सर क्रीकच्या नशिबी अजून ते आलेले नाही. कच्छ आणि सिंध यांच्यामधली ही ९६ किलोमीटरची चिखलट खाडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या काठावरचे सरपण कोणाचे, यावरून कच्छचे संस्थान आणि सिंध यांच्यात तंटा झाल्याचे सांगतात, आणि तो मिटवला तो १९१४ च्या ठरावाने मुंबई सरकारनेच. त्या ठरावाबरोबरच्या नकाशात खाडीच्या पूर्व काठाने हिरवी रेघ आहे; पाकिस्तान म्हणतो ती सीमा. भारत म्हणतो की सीमा खाडीच्या मधल्या प्रवाहातून जाते, आणि १९२५ च्या नकाशाकडे व मधोमध रोवलेल्या खांबांकडे बोट दाखवतो. एरवी या चिखलाला कोणी विचारले नसते, पण समुद्रातली सीमा या खाडीच्या मुखापासून पुढे ओढायची असते, आणि सुरुवातीचा बिंदू थोडा सरकला तरी खोल समुद्रात हजारो चौरस किलोमीटरचा फरक पडतो.

त्या भागात मासळी चांगली मिळते. डहाणू-तलासरीकडचे, म्हणजे २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोडणाऱ्या गावांतले कितीतरी तरुण ऑगस्टनंतर ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पाण्यावर हिरवी रेघ नसते. जाळे टाकलेले असते, प्रवाह ओढत असतो, तांडेल यंत्राकडे बघून अंदाज बांधतो, आणि कधीतरी पलीकडची गस्ती नौका येऊन बोटीसकट सगळ्यांना कराचीला नेते; आपले तटरक्षक दलही पलीकडच्या बोटी अशाच पकडते. एकमेकांच्या तुरुंगांतले कैदी आणि मच्छीमार यांच्या याद्या दोन्ही देश २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी सोपवतात. तोवर घरची माणसे बोटीच्या मालकाला फोन करत राहतात.